प्रिटोरियाचे निळे बैल आणि ऑर्लँडोचे मैदान

ज्या खेळाला एका शाळेचे नाव मिळाले असे खेळ जगात फार नाहीत. इंग्लंडातील रग्बी या गावी एक जुनी शाळा आहे, आणि तिच्या मैदानावर गेल्या शतकापूर्वी, म्हणजे एकोणिसाव्या शतकात, मुले जो चेंडूचा खेळ खेळत असत त्याला पुढे त्या शाळेच्याच नावाने लोक ओळखू लागले. हा खेळ आपल्या शाळेत खेळला जात नाही. तथापि त्याच्या एका संघाची हकीकत विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी वाचण्याजोगी आहे असे आम्हास वाटते, आणि म्हणूनच या अंकात ती सांगण्याचे योजिले आहे. हा संघ दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया शहराचा. त्याचे नाव ‘ब्लू बुल्स’, म्हणजे निळे बैल.

प्रथम खेळाविषयी थोडे सांगितले पाहिजे. आमच्या विद्यार्थ्यांना हुतुतू चांगला ठाऊक आहे. हुतुतूत चढाई करणाऱ्यास प्रतिपक्षाचे गडी कवळ घालून अडवितात आणि त्याने कसेही करून मधली रेषा गाठली की तो सुटतो. रग्बीतही पकडणे, झुंजणे आणि रेषा गाठणे हेच मुख्य होय. फरक इतकाच, की येथे एका गड्याऐवजी पंधरा गडी एकदम चढाई करतात, त्यांच्यापाशी अंड्याच्या आकाराचा एक चेंडू असतो, आणि गाठावयाची रेषा स्वतःच्या बाजूची नसून प्रतिपक्षाच्या मागची असते. चेंडू हातात घेऊन पळता येते, पायाने पुढे मारता येतो. परंतु हाताने सोबत्याकडे द्यावयाचा झाल्यास तो पुढे देता येत नाही, आडवा किंवा मागेच द्यावा लागतो. जो पुढे धावतो त्याला मागून येणाऱ्या सोबत्यांवर विसंबावे लागते, हे या खेळातील मोठे मर्म आहे. प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीस टेकविला म्हणजे ‘ट्राय’ होतो. त्यास हल्ली पाच गुण मिळतात, व त्यानंतर चेंडू लाथेने उंच खांबांच्या मधून व आडव्या दांडीवरून घालविल्यास आणखी दोन. प्रतिपक्षाने नियम मोडल्याबद्दल मिळालेल्या संधीतून, अथवा चालू खेळात चेंडू जमिनीवर टाकून तो उसळताच मारून, असाच खांबांमधून घालविल्यास तीन गुण पदरी पडतात.

दक्षिण आफ्रिकेत या जातीचा खेळ नेण्याचे श्रेय एका धर्मोपदेशक शिक्षकाकडे जाते. कॅनन जॉर्ज ओगिल्व्ही हे १८६१ साली केप टाउन येथील डायोसिसन कॉलेज या शाळेचे मुख्याध्यापक झाले व त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांत चेंडू हाताने धरावयाचा फुटबॉल रुजविला. पुढे त्यास रग्बीचे नियम लागू झाले. १८९१ साली ब्रिटिश बेटांतून एक संघ त्या देशाच्या दौऱ्यावर निघाला, तेव्हा जहाजांच्या व्यापारातील प्रसिद्ध धनिक सर डोनाल्ड करी यांनी त्याजबरोबर एक चषक पाठविला. तेथील जो संघ पाहुण्यांशी उत्तम झुंज देईल त्यास तो द्यावा, आणि त्या संघाने तो प्रांताप्रांतांच्या स्पर्धेसाठी ठेवावा, असा संकेत होता. हाच करी चषक होय. त्यासाठी होणारी स्पर्धा १८९२ साली सुरू झाली आणि ती आजही चालू आहे.

येथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. हा खेळ केवळ गोऱ्या लोकांनीच उचलला होता असे नव्हे. पूर्व केप भागातील मिशनच्या शाळांतून कृष्णवर्णीय मुलेही त्याच काळात तो आवडीने खेळू लागली होती, आणि गोरेतर खेळाडूंचे स्वतंत्र मंडळ १८९७ सालीच स्थापन झाले होते. मात्र दोघांची मंडळे निराळी, सामने निराळे व मैदानेही निराळी. देशाचा म्हणून जो संघ परदेशी जाई त्यात गोऱ्यांवाचून कोणास प्रवेश नसे. पुढील सर्व कथेचे मूळ या वेगळेपणात आहे.

आता प्रिटोरियाकडे वळू. हे नाव आपल्याकडील वाचकांस अगदी अपरिचित नाही. १८९३ साली तरुण बॅरिस्टर मोहनदास गांधी पहिल्या वर्गाचे तिकीट घेऊन या शहराकडेच निघाले असता वाटेत पीटरमॅरिट्झबर्ग स्थानकावर त्यांना वर्णामुळे गाडीतून खाली उतरविण्यात आले होते. त्या वेळी प्रिटोरिया ही ट्रान्सव्हालच्या बोअर प्रजासत्ताकाची राजधानी होती. बोअर, अर्थात आफ्रिकानेर, हे मुख्यतः डच वसाहतवाल्यांचे वंशज. इंग्रजांशी १८९९ ते १९०२ पर्यंत झालेल्या युद्धात त्यांचे राज्य गेले, शेतेभाते जळाली, आणि त्यांची कित्येक हजार बायकामुले इंग्रजांच्या छावण्यांत मरण पावली. युद्धानंतर नव्या राज्यकर्त्यांनी शाळांतून इंग्रजी भाषा पुढे रेटली आणि बोअर मुलांची घरची भाषा मागे पडली. ही गोष्ट त्या समाजाच्या मनाला फार लागली. त्यांनी आपल्या शाळा काढल्या, आपली आफ्रिकान्स भाषा जोपासली, आणि १९२५ साली तिला राजभाषेचा दर्जा मिळविला. रग्बी हा खेळ मूळचा जेत्यांचा. परंतु मैदानावर जेत्यांनाच त्यात हरविता येते हे ध्यानी येताच आफ्रिकानेरांनी तो असा काही आपलासा केला की, पुढे तो त्यांच्या अभिमानाचे प्रतीकच होऊन बसला.

प्रिटोरियाचे खेळाडू आरंभी जोहान्सबर्गच्या खेळाडूंसह ट्रान्सव्हाल या एकाच संघटनेखाली खेळत. १९३८ साली ते वेगळे झाले व ‘नॉर्दर्न ट्रान्सव्हाल’ या नावाने नवी संघटना उभी राहिली. अंगात फिकट निळा सदरा ही त्यांची खूण. त्यांचे मैदान १९०६ पासून खेळांसाठी वापरात होते. प्रिटोरियात संघटित खेळांचा पाया घालणारे रॉबर्ट ओवेन लॉफ्टस व्हर्सफेल्ड हे १९३२ साली वारल्यावर त्यांचे नाव त्या मैदानास देण्यात आले. आज लॉफ्टस व्हर्सफेल्ड क्रीडांगणात पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षक बसू शकतात. नव्या संघाने जम बसविण्यास वेळ लावला नाही. अवघ्या आठ वर्षांत, १९४६ साली, वेस्टर्न प्रॉव्हिन्सचा ११ विरुद्ध ९ गुणांनी पराभव करून त्यांनी करी चषक प्रथमच जिंकला.

त्यानंतर या संघाचा खरा सुवर्णकाळ आला तो १९६८ पासून. त्या सालापासून १९८१ पर्यंतच्या चौदा वर्षांत, दोनदा वाटून घेतलेला धरून, त्यांनी करी चषक अकरा वेळा पटकाविला. फ्रिक दु प्रीझ या त्यांच्या धिप्पाड व चपळ गड्यास पुढे २००० साली दक्षिण आफ्रिकेचा शतकातील सर्वश्रेष्ठ रग्बीपटू म्हणून गौरविण्यात आले. नास बोथा या खेळाडूच्या लाथेची ख्याती तर अशी होती की, १९८७ च्या अंतिम सामन्यात भर पावसात संघाचे सर्वच्या सर्व २४ गुण त्याने एकट्याने, केवळ चेंडू खांबांतून मारून मिळविले. १९४६ पासून २०२१ पर्यंतचा हिशेब केला, तर वाटून घेतलेले धरून या संघाने करी चषक २५ वेळा जिंकला आहे.

येथवरची हकीकत वाचून कोणासही हा संघ आवडावा. परंतु जी गोष्ट अर्धी सांगितली ती खरी सांगितली असे होत नाही. याच सुवर्णकाळात लॉफ्टसच्या मैदानावर निळा सदरा घालून उतरण्याचा अधिकार कृष्णवर्णीय मनुष्यास नव्हता. १९४८ साली सत्तेवर आलेल्या सरकारने वर्णभेदाचे कायदे एकामागून एक केले. राहण्याच्या वस्त्या, शाळा, गाड्या, समुद्रकिनारे, सर्वच वेगळे झाले. रग्बीच्या क्रीडांगणांतून कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी एक कोपरा राखून ठेवीत, आणि तेथे उभे राहून ते बहुधा परदेशातून आलेल्या पाहुण्या संघाचा जयजयकार करीत. आपल्याच देशाच्या संघाचा पराभव व्हावा असे ज्या लोकांस मनापासून वाटते त्यांच्या मनाची स्थिती काय असेल, याचा विचार वाचकांनीच करावा. प्रिटोरिया हे राजधानीचे शहर. तेथील सरकारी कचेऱ्या, पोलीस व लष्कर यांत आफ्रिकानेरांचाच भरणा असल्यामुळे त्यांच्या या आवडत्या संघाकडे कृष्णवर्णीय लोक सत्तेचाच एक अवयव म्हणून पाहत.

जोहान्सबर्गच्या नैर्ऋत्येस सोवेटो ही कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती आहे. तिच्या ऑर्लँडो या भागात १९५९ साली एक क्रीडांगण बांधले गेले. तेथे रग्बी नव्हे, फुटबॉल चाले. ‘ऑर्लँडो पायरेट्स’ हा विख्यात फुटबॉल संघ याच भागातला. १९७४ साली सरकारने फर्मान काढले की, कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांतून गणितासारखे काही विषय आफ्रिकान्स भाषेतून शिकविले जावेत. ही ना त्या मुलांची घरची भाषा, ना त्यांच्या बहुतेक शिक्षकांना ती नीट येत होती. ज्या समाजाने आपल्या मुलांवर परकी भाषा लादली गेल्याचे दुःख स्वतः भोगले, त्याच समाजाच्या सरकारने दोन पिढ्यांनंतर दुसऱ्यांच्या मुलांवर आपली भाषा लादावी, ही इतिहासातील मोठी खेदाची गोष्ट होय.

१६ जून १९७६ रोजी सकाळी सोवेटोतील हजारो विद्यार्थी, अंगावर शाळेचाच गणवेश घालून, या फर्मानाच्या निषेधार्थ मिरवणुकीने निघाले. त्यांना ऑर्लँडोच्या क्रीडांगणात जमून सभा भरवावयाची होती. वाटेतच पोलिसांनी त्यांना अडविले व गोळ्या झाडल्या. हेक्टर पीटरसन नावाचा अवघ्या बारा वर्षांचा मुलगा त्यात बळी पडला. एक तरुण त्याचा देह हातांवर घेऊन धावत आहे आणि शेजारून त्याची बहीण रडत पळत आहे, हे छायाचित्र साऱ्या जगाने पाहिले. त्या दिवशी आणि पुढील महिन्यांत शेकडो माणसे, त्यांतही तरुण मुले, प्राणास मुकली. त्याच महिन्याच्या अखेरीस न्यूझीलंडचा रग्बी संघ ठरल्याप्रमाणे दक्षिण आफ्रिकेत खेळू लागला. याचा निषेध म्हणून वीसहून अधिक देशांनी, ज्यांत बहुतेक आफ्रिकेतील होते, जुलैतील माँट्रिअल ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला. पुढे हळूहळू जगातील बहुतेक देशांनी दक्षिण आफ्रिकेशी खेळण्याचे सोडून दिले.

वर्णभेदाची ती भिंत अखेर ढासळली. १९९० साली नेल्सन मंडेला तुरुंगातून सुटले. १९९२ साली गोऱ्या व गोरेतर खेळाडूंच्या संघटना एक झाल्या. १९९४ साली सर्वांना मताधिकार मिळून मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. पुढल्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेने जागतिक रग्बी चषक जिंकला, आणि मंडेलांनी राष्ट्रीय संघाचा हिरवा सदरा अंगात घालून तो कप्तानाच्या हाती दिला. याच १९९५ सालच्या ऑगस्टमध्ये रग्बीच्या जागतिक मंडळाने आणखी एक मोठा निर्णय घेतला. तोवर हा खेळ नियमाने हौशी होता. शेतकरी, पोलीस, डॉक्टर किंवा शिक्षक आपला धंदा सांभाळून खेळत, व खेळाबद्दल वेतन घेणे निषिद्ध मानले जाई. आता धंदेवाईक खेळास मोकळीक मिळाली. १९९६ पासून दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया या देशांतील संघांची ‘सुपर’ स्पर्धा सुरू झाली आणि प्रिटोरियाचा संघही पगारी झाला. ट्रान्सव्हाल प्रांत नकाशावरून नाहीसा झाल्यामुळे जुन्या नावासही अर्थ राहिला नव्हता. तेव्हा १९९८ साली त्याने ‘ब्लू बुल्स’ हे नाव धारण केले आणि त्याच साली करी चषकही जिंकला. सुपर स्पर्धेत तो नुसता ‘बुल्स’ म्हणून ओळखला जाई.

पैसा आला म्हणून यश लगोलग आले असे मात्र नाही. २००२ च्या सुपर स्पर्धेत बुल्स अकरा सामने खेळले आणि अकराही हरले. परंतु हेनेके मेयर या मार्गदर्शकाने त्याच साली घरच्या स्पर्धेत आपल्या गड्यांना पुन्हा उभे केले व करी चषक सलग तीन वर्षे जिंकून दिला. २००७ साली डर्बन येथे सुपर स्पर्धेचा अंतिम सामना झाला. डर्बनचाच शार्क्स संघ १९ विरुद्ध १३ असा पुढे होता आणि ऐंशी मिनिटांची मुदत सरली होती. चेंडू अजून खेळात होता इतकेच. तेवढ्यात ब्रायन हबाना या चपळ गड्याने बचाव करणाऱ्यांना चुकवीत धाव घेऊन ट्राय केला, डेरिक हौगार्डने वरचे दोन गुण मिळविले, आणि बुल्स २० विरुद्ध १९ असे जिंकले. दक्षिण आफ्रिकेच्या कोणत्याही संघास ही स्पर्धा त्यापूर्वी जिंकता आली नव्हती. हबाना हा वर्णभेदाच्या काळात या संघाच्या वाऱ्यासही उभा राहू शकला नसता, ही गोष्ट येथे नमूद करावीशी वाटते. २००९ साली लॉफ्टसवर न्यूझीलंडच्या चीफ्स संघाचा ६१ विरुद्ध १७ असा धुव्वा उडवून बुल्सनी ती स्पर्धा पुन्हा जिंकली.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे येऊ. २०१० च्या जून महिन्यात फुटबॉलची जागतिक स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत भरावयाची होती, व तिच्यासाठी लॉफ्टस व्हर्सफेल्ड क्रीडांगण आयोजकांच्या ताब्यात द्यावे लागले. नेमके त्याच वर्षी बुल्स आपल्या स्पर्धेत अग्रस्थानी राहिले, आणि उपांत्य व अंतिम असे दोन्ही सामने घरच्या मैदानावर भरविण्याचा मान त्यांना मिळाला. मान मिळाला, पण घर नव्हते. तेव्हा त्यांनी सोवेटोतील ऑर्लँडोचे क्रीडांगण निवडले. १९५९ चे जुने बांधकाम पाडून ते २००८ साली नव्याने उभारले गेले होते, व त्यात सुमारे चाळीस हजार लोक बसू शकत.

हे ऐकून पुष्कळांच्या भुवया उंचावल्या. प्रिटोरियापासून सोवेटो सुमारे सत्तर किलोमीटरवर. परंतु त्या संघाच्या कित्येक गोऱ्या चाहत्यांनी जन्मात त्या वस्तीत पाऊल टाकले नव्हते. २२ मे २०१० रोजी ते आले. निळे सदरे घातलेले, डोक्यावर बैलाची शिंगे लावलेले, मुलाबाळांसह आलेले हे लोक सोवेटोच्या रस्त्यांतून हिंडू लागले. वस्तीतील लोकांनी आपल्या अंगणांत त्यांच्या मोटारी लावून घेतल्या, दारापुढे शेगड्या मांडून मांस भाजून विकले, आणि घरोघरच्या गुत्त्यांतून यजमान व पाहुणे एकाच बाकावर बसले. फुटबॉलच्या सामन्यांत वाजणारी लांब नळीची व्हुव्हुझेला आता रग्बीच्या चाहत्यांच्या तोंडी लागली, आणि सोवेटोतील कित्येकांच्या अंगात निळा सदरा दिसू लागला. त्या दिवशी बुल्सनी न्यूझीलंडच्या क्रुसेडर्सना ३९ विरुद्ध २४ असे हरविले. पुढच्या शनिवारी, २९ मे रोजी, अंतिम सामन्यात केप टाउनच्या स्टॉर्मर्सशी गाठ पडली. हबाना आता स्टॉर्मर्सच्या बाजूने खेळत होता. फ्रान्स्वा हौगार्डचा एक ट्राय आणि मोर्ने स्टेनने लाथेने मिळविलेले वीस गुण यांच्या बळावर बुल्स २५ विरुद्ध १७ असे विजयी झाले, आणि कप्तान व्हिक्टर मॅटफील्डने ऑर्लँडोच्या मैदानावर चषक उंचावला.

विद्यार्थीमित्रहो, १९७६ साली ज्या मैदानाकडे निघालेली मुले पोचू शकली नाहीत, ते हेच. ज्या भाषेच्या सक्तीविरुद्ध ती निघाली होती, तीच भाषा बोलणारे लोक चौतीस वर्षांनी तेथे आले. या वेळी ते हुकूम घेऊन आले नव्हते. स्वतःचे घर तात्पुरते गमावलेला पाहुणा जसा दुसऱ्याच्या दारी येतो तसे ते आले, आणि ज्यांना त्यांनी इतकी वर्षे कोपऱ्यात उभे केले होते त्यांनी त्यांना दार उघडले. या प्रसंगाचा मोठेपणा आमच्या मते विजयी संघापेक्षाही यजमानांकडे अधिक जातो.

तथापि दोन शनिवारांत सारे बदलले असे कोणी समजू नये. दुसऱ्या दिवशी पाहुणे आपल्या प्रशस्त बंगल्यांकडे परतले, आणि सोवेटोतील गरीब माणसाची खोली होती तेवढीच राहिली. जमीन, पैसा व चांगल्या शाळा यांची विषम वाटणी चेंडूच्या खेळाने मिटत नाही. पाहुणचाराने हिशेब चुकता होत नाही. पण ज्यांना हिशेब करावयाचा आहे त्यांनी प्रथम एकमेकांच्या घरी गेले पाहिजे, हेही तितकेच खरे.

त्यानंतर बुल्सना पूर्वीचे यश पुन्हा सहज लाभले नाही. २०२१ पासून ते युरोपातील संघांबरोबर ‘युनायटेड रग्बी चॅम्पियनशिप’ या स्पर्धेत खेळू लागले आणि २०२२, २०२४ व २०२५ या तिन्ही वर्षी अंतिम सामन्यापर्यंत पोचून हरले. त्यांची पहिली हार केप टाउनला, दुसरी खुद्द लॉफ्टसवर आणि तिसरी आयर्लंडातील डब्लिन येथे झाली. हरजीत ही चालावयाचीच. पण या संघाचा इतिहास कोणी विचारला, तर चषकांची यादी सांगून थांबू नये. लॉफ्टसच्या त्या राखून ठेवलेल्या कोपऱ्यात उभे राहून पाहुण्या संघाचा जयजयकार करणारी माणसेही त्या इतिहासात आहेत, आणि मे महिन्यातील त्या दोन शनिवारी सोवेटोत ज्यांनी आपल्या अंगणात परक्याच्या मोटारीस जागा करून दिली, तीही आहेत.